पुढं पळणारं घड्याळ

अण्णा,

तुमचं घड्याळ माझ्याकडं आहे. चालू आहे, वेळ बरोबर दाखवतंय, आणि आज सकाळी सात वाजता मी त्याला चावी दिली. एवढंच लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी कागद लिहिला नाही, आता लिहितोय म्हणजे काहीतरी निस्तरायचं आहे हे तुम्ही ओळखलं असेलच. लहानपणी मी उगाच तुमच्या पायाशी येऊन बसलो की तुम्ही मान वर न करताच विचारायचात, "काय मोडलंस?" या खेपेला घड्याळ मोडलेलं नाही, पण पायाशी येऊन बसलोय हे खरं.

भाटघरच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. सकाळचे सात वाजलेत. आई चहा गाळतेय, आक्का वेणी घालतेय, आणि तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा लावून घड्याळाला चावी देताय. रोज त्याच वेळी, उभ्यानंच, चहाच्या आधी. शेवटच्या दोन फेऱ्यांना तुमचा अंगठा हळू होतो, जरा घट्ट लागलं की थांबतो. एकदा मी म्हणालो, मी देऊ का, तर तुम्ही घड्याळ माझ्या हातात दिलंत आणि माझं मनगट धरून ठेवलंत. "दमानं. घट लागलं की थांबायचं. त्याच्या म्होरं दिली तर आतली स्प्रिंग तुटती." मी चार फेऱ्या दिल्या आणि घाबरून थांबलो. तुम्ही हसून उरलेल्या दिल्यात आणि मग चहा घेतलात.

तुम्ही धरणावर पाण्याची पातळी बघायला होतात. पावसाळ्यात तासातासाला पट्टीपर्यंत जायचं, आकडा बघायचा, वेळ घालून वहीत लिहायचा. एकदा मी तुमचा डबा घेऊन आलो होतो. पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं, तुम्ही घसरलात, आणि पट्टीपाशी पोचायला उशीर झाला. वहीत तुम्ही लिहिलंत, दहा वाजून बारा मिनिटं. सगळं पान कसं सात, आठ, नऊ असं सरळ, आणि खाली हे बारा मिनिटांचं कुसळ. मी म्हणालो, दहाच लिहा की, कोण बघायला आलंय? तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडं असं बघितलंत की डबा टाकून पळावंसं वाटलं. "म्या बघितलं तवा धा बारा झालं व्हतं. मग धा कसं लिवू? कोण बघाय नसतंय तवाच नीट लिवायचं असतंय." मला तुमचा राग आला होता. बारा मिनिटांचं एवढं काय, असं वाटत होतं.

तुम्ही गेल्यावर आई आक्काकडं पालीला राहिली आणि घड्याळ तिच्याबरोबर गेलं. तिनं ते मला दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. मागितलं असतं तर आक्काला वाटलं असतं, भाऊ वाटणीला आला. वेल्ह्याच्या त्या खोऱ्यात पावसाळ्यात काड्यापेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं, डोक्यावरचा राजगड आठ आठ दिवस दिसत नाही. दमट हवेनं घड्याळ खराब होईल म्हणून आई ते फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतो हे खरंच आहे. पण तांदळाला कोंडाही असतो, पिठासारखा बारीक, आणि तो कुठूनही आत शिरतो, हे तिला कोण सांगणार? एवढे पावसाळे तिनं तुमचं घड्याळ असं जपलं. गेल्या वर्षी ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर आक्कानं पिंपात कोपरापर्यंत हात घातला, पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढं धरली. "आईनं तुला द्याय सांगितलंय. चालत न्हाई, पर आण्णांचं हाय. जप."

मी भोंगवलीत अजून मोटारीच भरतो. जळालेल्या पंपाच्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हेच. दुकानाचं उद्घाटन तुमच्याच हातचं. तुमच्या मागं हात बसला, नाव झालं, आणि नावाबरोबर थोडा माजही आला. पहिल्यांदा वाटलं, हे एवढंसं यंत्र, आपणच उघडू. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता. बायको म्हणाली, "पाच हार्सपावरची मोटार आन् मनगटावरचं घड्याळ येकच का? तिथनं उठा आदी." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. मी उठलो, भोरला गेलो. आणखीही एक कारण होतं. हे घड्याळ कुठलं, किती जुनं, तुम्हाला कुठून मिळालं, हे मला काहीच माहीत नव्हतं. तबकडीवरचं नाव अर्धं पुसलेलं. तुम्ही त्याला कधी नावानं ओळखलं नाहीत, नुसतं घड्याळ म्हणायचात.

घड्याळवाले चाचा आता सत्तरीला आलेत. माझ्या लहानपणी त्या दुकानात त्यांचे वडील बसायचे, आपण त्यांना थोरले चाचा म्हणायचो. ते कधी भाटघरला आले की आई त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवायची, मोरीच्या फळीवर पालथा. एक दिवस तुम्ही उठलात, तो कप घेतलात, स्वतःसाठी त्यात चहा ओतलात आणि सगळ्यांसमोर प्यालात. त्यानंतर तो कप बाकीच्या कपांत गेला. दुकान अजून तसंच आहे, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढं, पुढं काचेची पेटी. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ हातात फिरवलं, आणि झाकण न उघडताच सांगायला लागले. "चावीचं हाय. केस पितळेची, वरनं मुलामा. ही कड बगा, हितं मुलामा घासून पिवळं पडलंय, आन् काचंवर चरं हाईत. तुमचं वडील तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालत असणार." तुम्ही तसंच घालायचात, पट्टीवर वाकताना वेळ दिसावी म्हणून. मग त्यांनी झाकण उघडलं. मशीन परदेशी, सतरा बारीक खड्यांवर फिरणारं, आजकाल मिळायचं नाही असं. "आन् ही तबकडी हाय ना..." असं काहीतरी ते म्हणत होते, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. एकाची मोटार जळाली होती आणि ऊस वाळायला लागला होता. मी बाहेर जाऊन त्याच्याशी बोललो, परत येऊन म्हणालो, ठेवून घ्या, करा काय करायचं ते, आणि निघालो.

तीन आठवड्यांनी ते चालू झालं. चाचांनी कागदावर काढून ठेवलेला चिमूटभर पांढरट भुगा मला दाखवला, म्हणाले, हा तुमचा तांदूळ. तेलाचा डिंक झाला होता, सगळं सुटं करून धुवावं लागलं. मग त्यांनी मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. रोज एकाच वेळी चावी द्यायची, घट्ट लागलं की थांबायचं. काटे उलटे फिरवायचे नाहीत. पाण्यापासून लांब ठेवायचं, घामाचा पट्टा पुसायचा, धुळीत आणि आदळआपटीत नेऊ नये. मी सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं, अण्णा. काम करताना ते मनगटावरून काढून ठेवायचो. माझ्या बाकावर स्क्रू घरंगळू नयेत म्हणून मी एक स्टीलची ताटली केली आहे. तिच्या खाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बसवलंय, त्यामुळं तिच्यात ठेवलेली वस्तू जागची हलत नाही. बाकावरची सगळ्यात भरवशाची जागा तीच. तिच्यात मऊ फडकं अंथरून मी तुमचं घड्याळ रोज ठेवायचो.

चार दिवसांत ते पुढं पळायला लागलं. आधी दहा मिनिटं, मग दिवसाला पाऊण तास. सकाळी सातला लावावं तर जेवायच्या वेळेला ते भलतंच काहीतरी सांगायचं. तेव्हाच भोरला जाऊन विचारलं असतं तर हा कागद लिहावा लागला नसता. पण मोबाईलवर मी एक व्हिडिओ बघितला. त्यात एक माणूस सांगत होता, जुन्या घड्याळातलं चांगलं मशीन काढून घेतात आणि आत भंगार घालतात, तेव्हा तबकडीवरचं नाव आणि मशीनवरचं नाव ताडून बघा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पातळ सुरीनं मागचं झाकण उचकटलं. बायकोला सांगितलं नाही. मशीनवर एक नाव होतं आणि तबकडीवरच्या पुसट अक्षरांत दुसरंच. झाकणाच्या आतल्या बाजूला काही बारीक खरडलेलं, त्याखाली दोन आडवे ओरखडे. मला वाटलं, घाईघाईत चोरी करताना हत्यार निसटलंय. माझं डोकंच फिरलं. आईनं तांदळात जपलेलं, आक्कानं विश्वासानं दिलेलं, आणि मी ते नेऊन चोराच्या हातात दिलं, एवढंच मला दिसत होतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. थांबलो असतो तर राग उतरला असता, म्हणून थांबलोच नाही. भोरच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा मान खाली घालून, डोळ्याला भिंग लावून कुठल्यातरी बाईचं छोटं घड्याळ करत होते. मी तुमचं घड्याळ आणि सुटं झाकण त्यांच्या काचेवर आपटलं.

"आमचं मशीन कुठंय?"

"कुठलं मशीन?"

"तबकडीवर येक नाव, आत दुसरं. माझ्या बापाचं मशीन काढून घेतलंत आन् भंगार घातलंत. लहान पोर समजलात का मला?"

"आवाज कमी करा. बसा, बगू द्या जरा."

"येकदा हातात दिलं, आता न्हाई देत."

आवाज कमी करायला सांगितलं म्हणून मी तो वाढवला. भाजी घेणाऱ्या बायका थांबल्या, पलीकडचा भांडीवाला दारात आला, चार माणसं जमली. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या लोकांवर इश्वास ठिवायचाच नसतो." चाचांच्या हातातला चिमटा तिथंच थांबला. त्यांनी भिंग काढलं नाही, मान वर केली नाही. तसेच म्हणाले, "तुमच्या वडलांचं घड्याळ हाय. झाकण उघडं ठिवू नका, धूळ जाईल." मी घड्याळ खिशात टाकलं आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागं एक बाई त्यांना म्हणत होती, माझं भिंतीवरचं घड्याळ झालं नसलं तरी द्या परत.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, जरा मोठेपणा करूनच सांगितलं. जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "मामंजी त्यांच्याकडं जात व्हते ना?" तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. पण कबूल कोण करणार? पुढच्या बाजारी ती भोरला जाऊन आली आणि म्हणाली, घड्याळाचं दुकान बंद आहे, मागच्या बाजारापासून उघडलंच नाही. मी म्हणालो, चोर असला की तोंड लपवतोच. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि माझ्याच कानाला खोटं वाटलं. त्या आठवड्यात मी दोन मोटारी चुकीच्या भरल्या. दुकानाबाहेर कोणी थांबलं की वाटायचं, ते आले, त्यांचा मुलगा आला, पाच-दहा माणसं आली. घड्याळ ताटलीत पळतच होतं.

आणि ते आले, एकटेच, दुपारच्या एसटीनं, हातात कापडी पिशवी. मी बाकाशी होतो, हातात पाना होता, तो मी खाली ठेवला नाही. त्यांनी आधी पाणी मागितलं. बायकोनं तांब्या आणून दिला, ते प्यायले, तोंड पुसलं आणि विचारलं, "घड्याळ कुठं ठिवता?"

"हितंच," मी ताटलीकडं बोट केलं. "फडक्यावर. तुमीच सांगितलं व्हतं ना जपून ठिवा."

त्यांनी ताटलीच्या कडेला बोट लावून एक स्क्रू ओढून बघितला. तो ताटलीला चिकटलेला, सहज सुटेना. मग घड्याळ उचललं, पार लांब दाराजवळच्या लाकडी स्टुलावर नेऊन ठेवलं, पिशवीतून एक छोटं होकायंत्र काढलं आणि सुई स्थिर होईपर्यंत थांबले. स्थिर झाल्यावर घड्याळ हळूच तिच्याजवळ सरकवलं. सुई थरथरली आणि घड्याळाकडं वळली. मी जन्मभर चुंबकात हात घालून बसलेला माणूस, मोटार म्हणजे तरी दुसरं काय असतं? मला त्या सुईनं सगळं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. "आत केसागत बारीक स्प्रिंग असती," ते शेवटी म्हणाले, "चुंबक बसलं की तिचं वेढं येकमेकाला चिकटत्यात. मग घड्याळ पळाय लागतं."

मग त्यांनी झाकण उघडून माझ्यापुढं धरलं आणि सुईच्या टोकानं ते खरडलेलं दाखवलं. ती थोरल्या चाचांची खूण होती. प्रत्येक घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत ते आपली खूण आणि साल कोरायचे, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. आणि तबकडी बदलली की खाली दोन आडव्या रेघा. "जुनी तबकडी पाण्यानं काळी पडली व्हती. ह्या मापाची मिळाली ती दुसऱ्या कंपनीची निघाली. अब्बांनी तुमच्या वडलांना इचारूनच बसवली. त्या दिशी मी तेच सांगत व्हतो, तवा तुमचा फोन आला." ज्या दोन रेघांवरून मी त्यांना चोर ठरवलं त्या त्यांच्या बापानं प्रामाणिकपणे मारलेल्या होत्या, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, अण्णा. मी पाना खाली ठेवला. म्हणालो, "चाचा, चुकलं माझं." ते म्हणाले, "व्हय, चुकलं." असू द्या, होतं कधी कधी, असं काही ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी तसं म्हटलं नाही हे मला बरं वाटलं.

पिशवीतून त्यांनी आणखी एक वस्तू काढली, कापडात गुंडाळलेली. घड्याळातलं चुंबक उतरवायची कॉइल, थोरल्या चाचांच्या वेळची, जळून काळी झालेली. "ही बंद पडून लई वर्सं झाली. कुणाच्या घड्याळात चुंबक बसलं की मी पुण्याला धाडतो. तुमी तारंचं काम करता. भरून द्या." मी तिथंच बसलो. जुनी तार उलगडली, जाडी मोजली, वेढे मोजत नवी भरली. माझ्या हातून कधी तार तुटत नाही, त्या दिवशी दोनदा तुटली. ते स्टुलावर बसून बघत होते. बायकोनं चहा आणला, तो त्यांनी घेतला. तारेवर लावलेलं वार्निश दिव्याच्या उष्णतेवर सुकवलं, जोडणी केली. त्यांनी घड्याळ कॉइलच्या पोटात धरलं, मला बटण दाबायला सांगितलं, आणि हात हळूहळू, अगदी हळू मागं नेत घड्याळ बाहेर काढलं. पुन्हा होकायंत्राजवळ नेलं. सुई हलली नाही. तुमचं घड्याळ त्यांच्या तळहातावर होतं आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

मी त्यांना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. ते म्हणाले, दुकान बंदच आहे, मुलगी म्हणते आता उघडू नका, पुरे झालं. मग म्हणाले, "येक इचारू? त्या दिशी मागनं कोण बोललं? माझी मान खाली व्हती, गलका बी लई व्हता. भांडीवाला हाय, चपलावाला हाय, समोरचा कापडवाला हाय, चाळीस वर्सं शेजारी बसतोय त्यांच्या. पोरांच्या लग्नात जेवलोय. आता कुणी रामराम केला तरी मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हातो, ह्यो असंल का त्यो असंल. तुमी बोलला ते घड्याळाचं व्हतं, ते आज मिटलं. त्या बोलण्याचं काय करू?" मी रस्त्याकडं बघत म्हणालो, "गर्दीत कोण तरी. म्या बघितलं न्हाई." त्यांनी मान हलवली. एसटी आली, मी त्यांना दांडीला धरून चढवलं.

अण्णा, वर मी तुम्हाला लिहिलंय की मागून कोणीतरी म्हणालं. मागून कोणीही काही म्हणालं नाही. लोक नुसते उभे होते, भांडीवाला तर उलट मला म्हणत होता, अहो, शांत व्हा. कोणी माझ्या बाजूनं बोलेना म्हणून मीच मान वळवली, लोकांकडं तोंड केलं आणि ते वाक्य बोललो. ते कुठून आलं हे मला ठाऊक नाही असंही म्हणवत नाही. आत कुठंतरी होतं म्हणूनच आलं. तुम्हाला लिहितानासुद्धा मी ते दुसऱ्याच्या तोंडात घातलं, इतकं मला ते जड आहे. चाचांना आवाज ओळखू आला असेल का? कधी वाटतं, आला असेल आणि थांब्यावर ते मला एक संधी देत होते. कधी वाटतं, नाही, त्यांना खरंच ठाऊक नाही, आणि हे जास्त वाईट आहे.

हा कागद कुठं टाकायचा नाही. तुम्हाला सांगणं सोपं होतं म्हणून तुम्हाला सांगून घेतलं. खरं तर हे भोरच्या गल्लीत, बाजाराच्या गर्दीत, चार माणसांसमोर उभं राहून म्हणायला हवं. त्यानंतर दोन बाजार झाले. दोन्ही वेळा मी सकाळी मोटरसायकल काढली आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, एकदा पेट्रोलचं निमित्त करून, एकदा कसलंच निमित्त न करता. चाचांनी दुकान पुन्हा उघडलंय म्हणे. तिथं बसून ते अजून शेजाऱ्यांची तोंडं बघतायत.